सव्वीस चौकटी पुढे

मी एक जुनी चित्रफीत आहे. शंभर फूट लांब, अंगठ्याच्या नखाएवढी रुंद, काळी-पांढरी. चालवली तर पावणेतीन मिनिटांत संपते. मित्रांनो, तुमच्या मोबाइलमध्ये हजार व्हिडिओ पडलेले असतात, तेव्हा पावणेतीन मिनिटांचं ते काय कौतुक, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. पण या पावणेतीन मिनिटांपायी दोन बायकांनी एक अख्खा शरद ऋतू जीव टांगणीला लावून काढला. त्यांतल्या एकीचा माझ्यावर हक्क होता. दुसरीनं मला फार प्रेमानं सांभाळलं, आणि त्या सांभाळण्यातच माझं वाटोळं झालं.

माझा जन्म १९६१ सालचा, अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्स शहरातला. टेलिव्हिजनसाठी टँगो नाचावर एक छोटी फिल्म करायची होती. एका मोहल्ल्यातला नाचाचा हॉल भाड्यानं घेतला होता. लाकडी जमीन पुसून लख्ख केली होती, आणि त्या दिवशी मी कोरी करकरीत कॅमेऱ्यात बसले.

माझ्या जातीची एक गंमत आधीच सांगून ठेवते, पुढे ती लागणार आहे. माझ्या अंगावर चित्रंही उमटतात आणि काठानं एक बारीक रेघ जाते, त्या रेघेत आवाज असतो. पण चित्र आणि त्याचा आवाज शेजारी-शेजारी नसतात. एका चित्राची एक चौकट, आणि आवाज आपल्या चित्राच्या सव्वीस चौकटी पुढे, म्हणजे फितीवर चित्राच्या आधीच, लिहिलेला असतो. यंत्राची रचनाच तशी असते. सव्वीस चौकटी म्हणजे जेमतेम एक सेकंद. चालवताना यंत्र दोघांची गाठ बरोबर घालून देतं, त्यामुळे बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही.

तर त्या दिवशी खुर्चीवर एक म्हातारा बँडोनियन घेऊन बसला होता. आपल्या पेटीसारखंच भात्याचं वाद्य, फक्त मांडीवर आडवं ठेवून दोन्ही हातांनी ताणायचं. त्याच्या मागे मायक्रोफोनशी ऑस्वाल्दो उभा होता. वय चोवीस, कोट उसना आणलेला, आवाज मात्र अस्सल स्वतःचा. आणि समोर नाचायला एकवीस वर्षांची देलिया. तिचा जोडीदार रुफिनो म्हणून कोणी होता, पगारी नाचणारा. टँगोत उड्या नसतात. दोघं अगदी जवळ उभे राहून जमिनीला धरून चालतात, आणि गाणारा जे सांगतो ते पाय ऐकतात. देलियाचे पाय रुफिनोबरोबर होते, पण ऐकत कुणाचं होते ते मी जवळून पाहिलं आहे.

तिथली एक रीत अशी आहे. पुरुष बाईजवळ जाऊन नाचतेस का म्हणून विचारत नाही. तो लांबूनच नजर देतो. बाईला नाचायचं असेल तर ती मान हलवते, नसेल तर दुसरीकडे बघते. चारचौघांत कुणाचा अपमान व्हायला नको, म्हणून ही सोय. गाणाऱ्याला तर तेही नाही. त्यानं सगळ्यांना नाचवायचं आणि आपण उभं राहायचं.

गाणं संपलं. देलिया आणि रुफिनो थांबले. कॅमेरा अजून फिरत होता, दिग्दर्शकाला ती शांतताही हवी होती. आणि तेवढ्यात ऑस्वाल्दोनं सगळी रीत गुंडाळून ठेवली आणि भर मायक्रोफोनमधून विचारलं, “ओत्रा, देलिया?” म्हणजे, आणखी एक, देलिया?

रुफिनोचं तोंड उघडंच राहिलं. देलियानं रुफिनोच्या खांद्यावरून ऑस्वाल्दोकडे पाहिलं आणि मान हलवली. अगदी थोडी. मग दिग्दर्शक ओरडला, दिवे विझले, आणि मी खराब ठरले. गाणाऱ्यानं नको तिथं तोंड उघडलं होतं ना. माझ्या डब्यावर कोणीतरी निळ्या पेन्सिलीनं फुली मारली. फिल्म पुढे दुसऱ्या टेकवर झाली, टीव्हीवर दाखवली, लोकांनी वाखाणली, आणि पुढे कधीतरी हरवलीही. मी मात्र कचऱ्यात जायच्या वाटेवर होते. ते मला लागलं, खोटं कशाला बोलू.

पण फिल्म जोडणाऱ्या माणसाला दया आली. त्यानं मला बाजूला ठेवलं, आणि चार महिन्यांनी ऑस्वाल्दो आणि देलियाचं लग्न झालं तेव्हा आहेर म्हणून देऊन टाकलं.

देलियाचे आजोबा आयर्लंडमधल्या वेस्टमीथचे. मेंढ्या राखायला अर्जेंटिनात गेले आणि तिथलेच झाले. पुढे त्या देशाचे दिवस फिरले, तेव्हा नातीनं उलटी वाट धरली. १९७७ साली नवऱ्याला आणि मला घेऊन ती आयर्लंडमधल्या ड्रोहेडाला आली. ऑस्वाल्दो ब्रेडच्या कारखान्यात लागला. देलिया दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये टँगो शिकवू लागली. नर्स, शेतकरी, औषधांच्या दुकानातला माणूस, सगळे यायचे. ऑस्वाल्दो तिथं गायचा, स्वयंपाकघरात भांडी घासताना गायचा, पण आवाज कुठे भरून ठेवायचं कोणी सुचवलं की हसायचा. म्हणायचा, “उद्याही मी आहेच की.”

लग्नाच्या वाढदिवसाला शाळेतून प्रोजेक्टर मागून आणायचे आणि मला भिंतीवर चालवायचे. शेवट आला की ऑस्वाल्दो पाहुण्यांना सांगायचा, “बघा, पुरावा आहे. मी विचारलं आणि हिनं मान हलवली.” देलिया म्हणायची, “कॅमेरा चालू होता, म्हणून हलवली.” दरवर्षी हेच, आणि दरवर्षी दोघंही पहिल्यांदा बोलल्यासारखं बोलायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग शाळेनं प्रोजेक्टर मोडीत काढला. मी मागच्या खोलीत दगडी फरशीवर जाऊन पडले. माझ्याकडे कोणी फिरकत नव्हतं. खोली गारठलेली असायची, पण फितीला गारवा मानवतो. ही गोष्ट त्या घरात कुणाला ठाऊक नव्हती. नकळतच माझी तब्येत ठीक राहिली.

आता दुसरी बाई येते. तिचं नाव शुभदा. नवरा गिरीश, मिरजेला शिकलेला कान-नाक-घशाचा डॉक्टर, ड्रोहेडाच्या मोठ्या हॉस्पिटलात. ती घरूनच एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. ऑस्वाल्दोच्या घशात गाठ निघाली आणि जीव वाचवायला स्वरयंत्र काढावं लागलं, तेव्हा नंतरच्या तपासण्यांना तो गिरीशकडे यायचा. पहिल्याच दिवशी त्यानं पाटीवर लिहून दाखवलं, “मी गायक होतो.” गिरीश घरी आला तो जेवला नाही. शुभदाला म्हणाला, “अगं, रोज घसे बघतो मी. पण आज काय बोलावं कळेना.” पुढच्या गुरुवारी शुभदा चर्चच्या हॉलमध्ये टँगो शिकायला गेली. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

अशी ओळख वाढली. २०२१च्या नोव्हेंबरात ऑस्वाल्दो गेला. त्याच हिवाळ्यात देलियाचं छप्पर गळायला लागलं. देलियानं मला शुभदाच्या हाती दिलं आणि म्हणाली, “ऑस्वाल्दोचा आवाज जगात एवढाच आहे. घर कोरडं होईपर्यंत ठेव.”

शुभदा रत्नागिरीची. तिचे वडील ती सहा वर्षांची असताना गेले, आणि त्यांच्या फोटोंचा एकुलता एक अल्बम पावसाळी ओलीनं गेला. पानं पानांना चिकटली, सोडवायला गेले तर चेहरे निघून आले. त्या दिवसापासून ओल हा तिचा वैरी. त्यामुळे मला घरी आणताच तिनं जे केलं, ते अगदी जीव ओतून केलं. आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळला. डब्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या. डब्याला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली, वर प्लास्टिकची पिशवी, तिचं तोंड घट्ट बांधलं. आणि घरातली सगळ्यांत कोरडी जागा शोधली. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या कपाटाला हॉट प्रेस. टॉवेल, चादरी तिथं ऊबदार राहतात. त्या हॉट प्रेसच्या वरच्या फळीवर शुभदानं मला ठेवलं आणि फळीला हात लावून मनातल्या मनात नमस्कार केला.

मित्रांनो, मला उष्णतेचं वावडं आहे. माझं अंग ज्या द्रव्याचं केलं आहे, त्यातून म्हातारपणी आंबट वाफ सुटते. ती बाहेर गेली तर मी तगते. कोंडली तर तीच मला खाते, आणि उबेत तर झपाट्यानं खाते. तीन हिवाळे मी तिथं होते. शुभदा चादरी काढायला यायची आणि माझ्या डब्यावरून एकदा हात फिरवून जायची. मला ओरडता आलं असतं तर ओरडले असते.

मधे छप्पर दुरुस्त झालं. पण देलियाच म्हणाली, “राहू दे तुझ्याकडे. तुझ्याकडे ती सुखरूप आहे.”

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात देलिया क्लास संपल्यावर शुभदाजवळ बसली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण पाठ ताठ. म्हणाली, “एक गोष्ट सांगू? मला त्याचा आवाज आठवत नाहीये. चेहरा आठवतो, गाण्याचे शब्द आठवतात. आवाज कधी गेला कळलंच नाही. नोव्हेंबरात चर्चमध्ये त्याच्या नावाची प्रार्थना आहे, मास. त्या दिवशी इथं ती फिल्म लावता येईल का? तो विचारतो ते मला ऐकायचंय. आणि मी मान खरंच हलवली होती ना, तेही बघायचंय. आता माझाच विश्वास बसत नाही.”

शुभदानं हो म्हटलं. फिल्मवरून कॉम्प्युटरवर उतरवून देणारी एक संस्था डब्लिनला आहे, हेही तिनं शोधून ठेवलं.

त्याच आठवड्यात तिची मुलगी स्मृती टॉवेल आणायला हॉट प्रेसशी गेली. पंधरा वर्षांची पोर, मराठी सगळं कळतं, बोलते मात्र तिथल्या हेलातलं इंग्रजी. तिनं तिथूनच विचारलं, “आई, इथं व्हिनेगर कोणी सांडलंय?”

शुभदानं मला खाली काढलं. चिकटपट्टी सोडवली. झाकण उघडताच आंबट वास भपकन बाहेर आला आणि तिनं तोंडावर पदर धरावा तसा हात धरला. माझ्या कडा मुडपल्या होत्या. आतले वेढे आक्रसून घट्ट झाले होते, आणि शेवटचे, गाभ्याजवळचे, एकमेकांना चिकटून त्यांचा एक गोळा झाला होता. तिनं इंटरनेटवर वाचलं आणि तिथंच हॉट प्रेसच्या दाराशी खाली बसली. तिला तो अल्बम आठवला असणार. ओलीपासून वाचवायला गेली, आणि उबेनं तेच केलं.

संध्याकाळी गिरीश म्हणाला, “साठ वर्षांची फिल्म होती. आपोआप खराब झाली म्हणून सांग. ते खोटंही नाही पूर्ण.”

“गिरीश, तू पेशंटला असं सांगतोस?”

 “मी येऊ का बरोबर?” गिरीश म्हणाला.

“नको. ठेवली मी होती.”

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन देलियाकडे गेली.  तिनं आढेवेढे न घेता सांगितलं. कुठं ठेवलं, कसं बांधलं, किती दिवस. “माझ्यामुळे झालं,” म्हणाली. देलियानं चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “आज तू जा.” मला तिनं ठेवून घेतलं आणि पुन्हा दगडी फरशीवर नेऊन ठेवलं.

दोन गुरुवार शुभदा क्लासला गेली नाही. तिसऱ्या गुरुवारी दुपारी शुभदाच्या दारात देलिया उभी होती, एका हातात काठी, काखेत मी. आत आली आणि म्हणाली, “कुठं ठेवली होतीस, दाखव.”

शुभदानं हॉट प्रेस उघडलं. देलियानं चादरींच्या मधे हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग तिथला साडीचा तुकडा उचलला.

“हे काय?”

“माझ्या आईची साडी. तुमची फिल्म त्यात गुंडाळली होती.”

देलिया त्या तुकड्याची घडी घालत म्हणाली, “या देशात ऑस्वाल्दोला कायम थंडी वाजायची. चव्वेचाळीस वर्षं. मी त्याला फरशीवर टाकून ठेवलं होतं, तू इथं ठेवलंस.” आणि मग कोरड्या आवाजात, “मला अजून राग आहे, शुभदा. तो असू दे. पण मास तीन आठवड्यांवर आली. चल, डब्लिनला जाऊ.”

त्या संस्थेत ओर्ला नावाची तंत्रज्ञ होती. आयर्लंडमध्ये काहीही झालं तरी लोक ‘ग्रँड’ म्हणतात. चहा ग्रँड, हवा ग्रँड, मोडलेला पाय बरा झाला तोही ग्रँड. ओर्लानं डबा उघडून पाहिलं आणि ती ग्रँड म्हणाली नाही. शुभदाचा धीर तिथंच सुटला. ओर्लानं मला मोजलं, हुंगलं, दिव्यासमोर धरलं. म्हणाली, “एकदाच यंत्रातून जाईल. दुसऱ्यांदा जाणार नाही. आणि हा आतला गोळा जाणारच नाही. पाच फूट असेल, म्हणजे शेवटचे आठ सेकंद. जबरदस्तीनं सोडवला तर तुकडे होतील, आणि शेजारची चांगली फीतही चिरेल.”

“त्या आठ सेकंदांत माझी मान आहे,” देलिया म्हणाली.

 शुभदानं विचारलं, “आणि त्याचं विचारणं? तो आवाज?”

“चित्राबरोबर असेल तर तोही आतच. सांगता येत नाही.”

मला सांगता येत होतं, मित्रांनो. सव्वीस चौकटींचं गणित मला ठाऊक होतं. पण माझं अंग बोलकं आहे ते फक्त यंत्रात. देलियानं त्या गोळ्यावर एक बोट ठेवलं, जरा वेळ ठेवलं, आणि म्हणाली, “सोडवू नका. जेवढं आहे तेवढं नीट घ्या.” ओर्लानं गोळा कापून वेगळा केला. मग मी हळूहळू यंत्रातून गेले, आयुष्यातली शेवटची खेप, एका वेळी एक चौकट.

मासच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये साठेक माणसं होती. नोव्हेंबरातली दुपार, चार वाजताच बाहेर अंधारलं होतं. गिरीश आणि स्मृतीनं पडदा बांधला. देलिया पहिल्या रांगेत बसली, शेजारी शुभदा. माझा डबा देलियानं मांडीवर घेतला होता. शुभदा आदल्या दिवशीच ओर्लाकडून सगळं आणू शकली होती आणि तिनं ते आधी पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा देलियानंच ऐकावं, असं तिला वाटत होतं.

दिवे बंद झाले. पडद्यावर म्हातारा बँडोनियनवाला आला, डोळे मिटून. मग देलिया आणि रुफिनो. चित्र डुचमळत होतं, कडेनं पांढरे डाग धावत होते. आणि मग ऑस्वाल्दोनं गायला तोंड उघडलं.

देलियानं शुभदाचं मनगट पकडलं. आवाज जरा थरथरत होता, माझ्या आक्रसलेल्या अंगामुळे, पण त्याचाच होता. पाटीवर लिहिणाऱ्या त्या माणसाला गिरीशनं कधी ऐकलं नव्हतं. तो भिंतीला टेकून उभा होता, त्यानं मान खाली घातली.

गाणं संपलं. पडद्यावरची देलिया थांबली, तिनं तोंड वळवायला सुरुवात केली. आणि चित्र गेलं. पडदा काळा झाला. शुभदानं डोळे मिटून घेतले. तिच्या लेखी सगळं तिथंच संपलं होतं.

पण माझी आवाजाची रेघ सव्वीस चौकटी पुढे असते. जिथं माझं शेवटचं चित्र शाबूत राहिलं, तिथं काठावर पुढच्या सेकंदाचा आवाज लिहिलेला होता, गोळ्याच्या बाहेर, सुखरूप. त्या मिट्ट काळ्या पडद्यातून चोवीस वर्षांच्या ऑस्वाल्दोनं विचारलं, “ओत्रा, देलिया?”

हॉलमध्ये कोणी हललं नाही. शुभदानं डोळे उघडून शेजारी पाहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या देलियानं पडद्याकडे बघत मान हलवली. अगदी थोडी. ती कुणाच्या नजरेत आली नसेल, शुभदाच्या आली, आणि मला मांडीवरून कळली. मी ती आधीही एकदा पाहिली आहे, म्हणून सांगते, तशीच होती.

आता मी डब्लिनला थंड तळघरात असते. इथं गारवा आहे, वाफेला बाहेर जायला वाट आहे, डब्यात साडीचा तो तुकडा नाही, तो देलियानं स्वतःकडे ठेवून घेतला. शुभदा पुन्हा गुरुवारी जाते. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचं काहीतरी जपायला ठेवलेलं असेल. त्यावर माया करा, पण त्याला काय मानवतं ते आधी कुणा जाणत्याला विचारा, आणि वर्षातून एकदा झाकण उघडून बघा. घरात कोणी गाणारं असेल, तर ते उद्याही आहेच असं समजू नका.

माझ्या शेजारीच एका छोट्या डब्यात तो चिकटलेला गोळा आहे. ओर्लानं त्यावर चिठ्ठी लावली आहे, उलगडू नये म्हणून. आत एकवीस वर्षांची देलिया मान हलवते आहे. ती आता कधी कुणाला दिसणार नाही. ज्यानं विचारलं होतं त्याला उत्तर मात्र मिळालं, दोन्ही वेळा.